वामनरावांच्या खात्यातली पत्रं

आमच्या शिक्षण संस्थेचा मेल सर्व्हर सुगत तायडे सांभाळतो. राजापेठेतल्या कार्यालयात त्याचं टेबल माझ्या शेजारीच. माउसला हात न लावता काळ्या पडद्यावर कमांड टाइप करत बसतो; कुणाची मेल अडकली की दोन ओळींत मोकळी. माझ्यासारख्या तोंडाळ बाईलाही त्याच्याशी भांडायला कधी कारण मिळालं नव्हतं.

परवा चांदूर रेल्वे गावातल्या शाखेतून तिथल्या शिक्षिका ललिता मॅडमचा फोन आला. आकांक्षा नावाच्या विद्यार्थिनीचं शिफारसपत्र पुण्याच्या महाविद्यालयात पोचलंच नव्हतं, आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. सुगतनं सर्व्हरच्या नोंदी चाळल्या आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पत्र अडकलेलं नव्हतं. त्यानंच लिहिलेल्या, आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टनं ते पुसून टाकलं होतं.

तीन वर्षांपूर्वी एका खात्याचा पासवर्ड चोरून कुणीतरी हजारो फालतू मेल पाठवल्या, तेव्हा त्यानं ती स्क्रिप्ट लिहिली होती. एकाच खात्यातून तासाभरात फार मेल निघाल्या, की रांगेत उरलेल्या सगळ्या पुसायच्या. विषय तेवढा नोंदवायचा, पाठवणाऱ्याला कळवायचं नाही, म्हणजे चोराला सुगावा लागत नाही. आता आमच्या चांदूरच्या शिक्षकांची तऱ्हा बघा. सगळे प्राचार्य वामनरावांच्या खात्यातूनच पत्रं पाठवतात, कारण म्हणे साहेबांच्या नावानं गेलं की वजन पडतं. तेही शेवटच्या दिवशी, सगळे मिळून. मला त्या शिक्षकांचा राग आला आणि त्यांना न विचारता नियम करणाऱ्या सुगतचाही.

त्यानं स्क्रिप्ट बंद केली, मॅडमकडून पत्र पुन्हा पाठवून घेतलं, पुण्याला फोन करून पोचल्याची खात्री केली. आकांक्षाचं निभावलं. मी चहा सांगितला. सुगत मात्र पुसलेल्या पत्रांच्या नोंदी मागे मागे वाचत राहिला आणि एका नावापाशी थिजला. रश्मी तायडे. त्याची धाकटी बहीण.

तीही चांदूरलाच शिकली. दोन वर्षांपूर्वी शिफारसपत्र नाही म्हणून तिचा प्रवेशाचा अर्ज बाद झाला होता. मॅडमनं पत्र लिहिलंच नाही असं धरून तेव्हापासून ती ललिता मॅडमशी बोलत नाही. आता एका ट्यूशन क्लासमध्ये फोन घ्यायची नोकरी करते. तुझी लायकी असती तर मॅडमनं लिहिलं असतं, असं तेव्हा घरी सुगतच तिला म्हणाला होता. हे त्यानं मला सांगितलं.

त्यानं तिथल्या तिथे तिला फोन लावला. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"रश्मी, तुह्यं पत्र मॅडमनं पाठवलं होतं. माह्या स्क्रिप्टनं पुसलं."



"मंग मॅडमनं माह्यासाठी लिवलं होतं, दादा?"

सुगत पडद्यावरच्या तिच्या नावाकडेच बघत राहिला. शेवटी फोनकडे वाकून 'हो' मीच म्हटलं.