जर्मन पोस्टमास्तरचा आवाज

वसईकडच्या आपल्या गावात लॉरेन्स तुस्कानो रंगमंचावर नुसता आला, तरी लोक हसायला लागायचे. नाताळच्या दिवसांत चर्चच्या पटांगणात नाटक व्हायचं आणि नायक कोण, नायिका कोण, याची चौकशी कुणी करत नसे. "लॉरेन्स आहे ना?" एवढंच विचारायचे. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या पदरात तोंड खुपसून हसायच्या, फादर चष्मा काढून डोळे पुसायचे. पोरगा मोठा नट होणार, हे सगळ्या गावाने ठरवून टाकलं होतं. गावाचं काय जातं ठरवायला! मुंबईत निर्मात्यांचे उंबरे झिजवून त्याच्या वाट्याला वेटर, हवालदार आणि मेलेला माणूस, एवढ्याच भूमिका आल्या. मेलेला माणूस त्याने चांगला केला होता असं म्हणतात. मग सुझीशी लग्न झालं आणि तो शारजाला आला.

आता तो हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो. सुझी एका हॉटेलच्या फ्रंट ऑफिसात आहे. मुलगी सोफिया नववीत. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

दर शनिवारी सकाळी लॉरेन्स जर्मन होतो. शारजातल्या एका छोट्या स्टुडिओत परदेशी मालिका हिंदीत डब करतात. त्यातल्या एका जर्मन विनोदी मालिकेत एक जाडा, टकला पोस्टमास्तर आहे. त्याला पत्रं वाटण्यापेक्षा वाचण्यात जास्त रस. कित्येक वर्षं त्याला लॉरेन्सचाच आवाज आहे. मालिका इतकी चालली, की इथल्या भारतीय घरांतली पोरं पोस्टमास्तरची नक्कल करत जिने उतरतात. चेहरा जर्मन नटाचा, नावही त्याचंच. लॉरेन्सचं नाव शेवटी झरझर सरकत जातं आणि तोवर बघणाऱ्याने पुढचा भाग लावलेला असतो.

सुरुवातीला त्याला हे काम जमतच नव्हतं. विनोदी नटाला एक सवय हाडीमाशी खिळलेली असते. वाक्य टाकायचं आणि थांबायचं. हशा चढतो, मग उतरायला लागतो, आणि अगदी त्याच क्षणी पुढचं वाक्य सोडायचं. लॉरेन्स बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून, रिकाम्या भिंतीसमोर तसाच थांबायचा. पडद्यावरचा जर्मन कधीच पुढे बोलू लागलेला असायचा.

रेकॉर्डिंग करणारा मोहिद्दीन काचेपलीकडून माइकवर ओरडायचा, "लॉरेन्सभाई, किसके लिए रुके हो? उसका होंठ चल रहा है. यल्ला, चलो!"

लॉरेन्स मान हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. मोहिद्दीन स्वतः हसायचा, नाही असं नाही. पण काचेतून आवाज येत नसे, नुसते त्याचे खांदे हलताना दिसत. हळूहळू लॉरेन्सचं थांबणं सुटलं. आता जर्मनाच्या ओठांशी त्याचे शब्द असे जुळतात, की मोहिद्दीन पहिल्याच टेकला "खलास!" म्हणतो आणि चहा मागवतो.

पण लॉरेन्सला हशाची तहान लागली होती. कानावर आदळणारा, समोर बसलेल्या माणसांचा हशा. हॉटेलात पलीकडच्या टेबलावर कुणी खदखदून हसलं, की याचा घास हातात राहायचा. असा दुसऱ्यांच्या टेबलाकडे बघत बसलेला नवरा पाहून सुझीचा जीव तुटायचा.

आणि यंदा अबुधाबीहून फोन आला. तिथल्या मराठी मंडळींच्या स्नेहसंमेलनासाठी अनुराधा बिवलकर एकांकिका बसवत होत्या. "लॉरेन्स, मेन रोल आहे, कॉमेडी आहे, आणि ऑडियन्स फुल आपला मराठी. डेट ब्लॉक करा प्लीज," त्या म्हणाल्या. तो हो म्हणाला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला. सोफियाने त्याला स्टेजवर कधीच पाहिलं नव्हतं. आपण बोलतोय आणि सगळं सभागृह हसतंय, हे एकदा तरी पोरीने पाहावं, एवढंच त्याला हवं होतं.

तालमी झकास झाल्या. तालमीत कुणी हसत नसतं; सगळ्यांना वाक्यं पाठ, आणि जो तो आपापल्या एंट्रीच्या काळजीत. त्यामुळे काय बिघडलंय, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. लॉरेन्सची भूमिका होती मुलाकडे राहायला आलेल्या बापाची. बॅगेत सुके बोंबील ठासून भरलेले. विमानतळावरचा अधिकारी झालेला मंडळातला सुजीत दरडावून म्हणाला, "बॅग उघडून बघणार!"

"साहेब, उघडू नका," लॉरेन्स म्हणाला. "उघडली तर तुम्हीच म्हणाल, बंद करा."

हशा उठला. असा उठला, की छत खाली यावं. आणि लॉरेन्स पुढचं वाक्य बोलून मोकळा झाला, मग त्याच्या पुढचं. हसण्यात वाक्यं बुडाली. लोक चांगले होते बिचारे. काय म्हणाला, काय म्हणाला, असं करत त्यांनी एकमेकांना गप्प केलं. पुढच्या विनोदाला हशा अर्ध्यावर थांबला, त्याच्या पुढच्याला उठलाच नाही. सगळे कान देऊन ऐकत बसले. लॉरेन्स आणखी भराभर बोलू लागला. शेवटी टाळ्या पडल्या, भरपूर पडल्या. अनुराधा म्हणाल्या, "डिक्शन काय क्लियर आहे हो तुमचं!"

परतताना सुझी गाडी चालवत होती. ऊन कललं होतं. लॉरेन्स म्हणाला, "नाही आवडलं लोकांना."

मागच्या सीटवरून सोफिया म्हणाली, "नो, डॅडा! वी वेअर लाफिंग. लाइक, एव्हरीबडी. यू जस्ट डिडन्ट वेट फॉर अस."

स्टुडिओच्या रिकाम्या खोलीत लॉरेन्स ज्यांच्यासाठी थांबायचा, ती माणसं आज समोर होती, आणि तो थांबला नव्हता. मग सीटवर सावरून बसत त्याने आवाज लावला.

"साहेब, उघडू नका. उघडली तर तुम्हीच म्हणाल, बंद करा."

आणि तो थांबला. पुरेपूर थांबला.

सुझी हसली. छान, मोकळं हसली, स्टिअरिंगवर हात आपटून. पण ते हसू वाक्याला नव्हतं, नवऱ्याला होतं, आणि एवढं ओळखण्याइतका नट तो अजून होता.