आगीचं नेमकं ठिकाण

बसडेपोत तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बायका तिथे आणखीही होत्या, पण स्टिअरिंग हातात घेणारी ही एकटीच. ब्रेक इतका हळुवार मारायची की उभ्या माणसाला दांडी धरायची गरज पडू नये. गाडीत चढणाऱ्यांना एवढंच कळायचं. सीटवर बसल्या बसल्या तिचं काय होत होतं, ते कोणाला दिसण्यासारखं नव्हतं.

तिचा धाकटा मुलगा शाळेत जायला लागला, त्या सुमारास तिला खाली, लघवीच्या जागेच्या आसपास, आग व्हायला लागली. तिखटाचा हात चुकून डोळ्याला लागावा तशी. फरक एवढाच, की डोळा धुतला की थंड होतो. औषधाच्या दुकानात तिने 'खाज येते' म्हणून सांगितलं, कारण काउंटरमागच्या पुरुषाला त्याहून जास्त सांगायला जीभ रेटेना. त्याने मलम दिलं. आग वाढली. पहिल्या डॉक्टरने न बघताच गोळ्या लिहिल्या. दुसरीने बघितलं आणि म्हणाली, "काहीच दिसत नाही. टेन्शन घेऊ नका." मग हिने औषधी साबणाने धुवायला सुरुवात केली, दिवसातून दोनदा, तीनदा. जेवढं धुवावं तेवढी आग, आणि जेवढी आग तेवढं धुणं.

पँटची शिवण टोचायची, म्हणून तिने ती उसवून आतून मऊ सुती पट्टी लावली. सीटवर मधे भोक असलेली गोल उशी ठेवली. मेकॅनिकांना विषयच मिळाला. "बाईंना मूळव्याध!" तिने त्यांना तसंच समजू दिलं. मूळव्याध परवडली, तिचं नाव तरी चारचौघांत घेता येतं.

घरी नवरा दिवसभर वायरिंगची कामं करून यायचा. बिचारा एकदा अंथरुणात पाठ फिरवून म्हणाला, "माझ्यावरून मनच उडालं का गं तुझं?" तिला उत्तर द्यायचं होतं, पण उत्तराची सुरुवात कुठल्या शब्दाने करायची तेच सुचलं नाही. सासूबाईंचं तोंड वेगळंच चालू असायचं. "सारखी काय न्हाणीत जाऊन बसतेस?" घराखालीच सासूबाईंचं इस्त्रीचं दुकान होतं. दिवसभर टेबलाशी उभं राहून इस्त्री, वर आल्यावर ओट्याशी उभं राहून जेवण. 'आईंना बूड टेकायला सवड नाही' हा घरातला जुना विनोद होता.

एका दुपारी भरलेली गाडी घेऊन ती शेवटच्या थांब्यापर्यंत कशीबशी पोचली, खाली उतरली, आणि पुन्हा वर चढायला पाय उचलेना. कंडक्टर मैत्रिणीने तिला बाजूला घेतलं.

"काय होतंय? खरं सांग."

"आग होते. खाली."

"मूळव्याध?"

"नाही गं. पुढे."

मैत्रिणीने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "माझ्या बहिणीला व्हायचं असं. तिची डॉक्टर आहे एक. ती बघते."

"बघते म्हणजे?"

"बघते म्हणजे बघते."

डॉक्टर पिकल्या केसांच्या होत्या. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही घड्याळाकडे न बघता. मग तिला झोपवून एक कापसाची काडी घेतली. "मी हळूच टेकवत जाते. कुठे काय वाटतं ते सांगा." मांडीशी टेकवली, काही नाही. बाहेरच्या बाजूला, काही नाही. मग आत, योनीच्या तोंडाशी, खालच्या अंगाला कापूस जेमतेम लागला आणि ती टेबलावरून उठलीच.

"सापडलं," डॉक्टर म्हणाल्या.

तिला रडूच फुटलं. दुखलं म्हणून नव्हे. इतकी वर्षं जे तिला सगळ्या अंगभर पसरल्यासारखं वाटत होतं, ते एवढ्याशा जागेत होतं, आणि दुसऱ्या कोणीतरी त्यावर बोट ठेवलं होतं.

डॉक्टरांनी छोटा आरसा तिच्या हातात दिला. "बघा, जखम नाही, काही नाही. इथल्या नसा चुकीची बातमी देतायत. नुसत्या स्पर्शालाही आग म्हणतायत. याला व्हल्वोडिनिया म्हणतात. नाव अवघड आहे, पण दुखणं खरं आहे. तुमच्या डोक्यातून आलेलं नाही."

बाई आरशात बघत राहिली. चाळिशी ओलांडली होती, दोन लेकरं इथून जगात आली होती, आणि ही जागा ती पहिल्यांदा बघत होती. नाजूक, घड्या घड्यांची, कानाच्या पाळीसारखी. याची आपल्याला एवढी लाज वाटत होती? ती थक्कच झाली.

साबण बंद, नुसतं पाणी. वर साधी पेट्रोलियम जेली. नसांसाठी एक छोटी गोळी. आणि फिजिओथेरपी, जिथली मुलगी सारखी म्हणायची, "सोडा." "काय सोडू?" "आवळून धरलंय ते." आपण काही आवळून धरलंय याचा तिला पत्ताच नव्हता. काही आठवड्यांनी ते स्नायू क्षणभर खरंच सुटले, तेव्हा तिला वाटलं, आपण किती वर्षांनी पूर्ण श्वास घेतला! आग एका झटक्यात गेली नाही. पण आधी दिवसातला एखादा तास बरा जायला लागला, मग अख्खी सकाळ. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. तो बराच वेळ तिचा हात धरून बसला. "आधी का नाही सांगितलंस?" "मलाच कुठे माहीत होतं, काय सांगायचं ते."

घरी ती जमिनीवर चटई टाकून व्यायाम करायची. इस्त्रीचे कपडे मोजता मोजता सासूबाईंनी विचारलं, "हे कसलं नवीन?" बाईने मन घट्ट केलं आणि सांगून टाकलं. टोमणा येणार म्हणून ती तयारच होती. सासूबाईंच्या हातातला शर्ट तसाच राहिला.

"नुसती आग? का खाजही?"

"नुसती आग."

"मला खाजही आहे. कधी कधी रक्त येईस्तोवर."

"आई! कधीपासून?"

"तुझ्या नवऱ्याला मिशा फुटल्या, तेव्हापासून असेल. बसलं की जास्त होतं." सासूबाईंनी शर्टाची घडी घातली. "मला वाटलं, पाळी जाते तसं हेही. सगळ्याच बायकांना होत असणार. विचारायचं कोणाला?"

बाई चटईवर उठून बसली. ही म्हातारी तापलेली इस्त्री हातात घेऊन एवढी वर्षं उभी होती. मुलीचं बाळंतपण केलं, अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची सेवा केली, आणि त्या उभं राहण्यावर आपण सगळे हसत होतो. समोरच्या बारीक चणीच्या म्हातारीकडे ती डोंगराकडे बघावं तशी बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती सासूबाईंना त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांचं दुखणं वेगळं निघालं. कातडी पांढरी, पातळ पडली होती, ठिकठिकाणी चिरली होती. डॉक्टरांनी तपासणीला कातडीचा एक बारीक तुकडा घेतला. रिपोर्ट चांगला आला, पण दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं बजावलं. मलम मात्र असं लागू पडलं, की महिनाभरात सासूबाई एका सकाळी ऊन वर आल्यावर उठल्या, केस विस्कटलेले, चेहरा बावरलेला.

"झोप म्हणतात ती अशी असते होय?" त्या म्हणाल्या.

बाईचे अजूनही वाईट दिवस येतात. कडक उन्हाळ्यात, लांबच्या फेरीनंतर आग पुन्हा डोकं वर काढते, आणि अशा वेळी ती घाबरत नाही, जेली लावते, स्नायू सोडते, वाट बघते. अशाच एका दिवशी ती ड्युटीवरून आली, तर सासूबाई दुकानात टेबलाला टेकून फोनवर बोलत होत्या. पलीकडे त्यांची थोरली बहीण होती, तिला नीट ऐकू यायचं नाही.

"अगं, योनी! योनी म्हणतेय मी!" सासूबाई ओरडत होत्या. कपडे न्यायला आलेला एक गृहस्थ दारातच थबकला. "तुला होते का आग? लाजू नकोस, सांग. होते? मग उद्याच्या गाडीने निघून ये. सूनबाई नेईल तुला."