पाहुण्या बाईंनी घेतलेला नारळ

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षरही मुंग्यांच्या वाटेसारखं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती सुटली, पुढे शाळेत पाऊल पडलं ते थेट स्वयंपाकीण म्हणून. पण एक गोष्ट मी न चुकता लिहू शकते. कर्जतपासून खालापूरपर्यंत, डोंगरातल्या वाड्या धरूनसुद्धा, हातात दिलेल्या वस्तूला कधीच "नको" न म्हणणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि ते म्हणजे आमच्या पाहुण्या बाई. देवसुद्धा पुढे ठेवलेला नैवेद्य पानातच राहू देतो. बाई राहू देत नसत.

आमची शाळा कर्जतहून चौककडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. सिस्टर लोकांची, बारावीपर्यंतची, मागे मुलींचं बोर्डिंग. भिसेगावहून येऊन मी बोर्डिंगचा स्वयंपाक करते. बाई आयर्लंड नावाच्या देशातून आल्या होत्या. तिकडे शाळेतून निवृत्त झाल्या, नवरा नाही, मूल नाही, तर घरी बसायचं सोडून दोन वर्षं पगार न घेता आमच्या मुलींना इंग्रजी आणि जीवशास्त्र शिकवायला आल्या. मिशनच्या कामाला असे लोक येतात म्हणे. पहिल्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी सांगितलं, "ह्या आपल्या पाहुण्या," आणि दोन वर्षं त्या पाहुण्याच राहिल्या. उंची अशी की बोर्डिंगच्या दारातून वाकून यावं लागे, आणि वाकायचं त्यांना आठवत नसे. त्यामुळे कपाळावर कायम एक टेंगूळ. एक बसलं की दुसरं उठायचं. सापांची भीती म्हणून गुडघ्यापर्यंत गमबूट घालायच्या, आम्ही भातलावणीला घालतो तसले, पण बारा महिने. वर्गात, चॅपेलमध्ये, बाजारात, वैशाखाच्या उन्हातसुद्धा. संध्याकाळी ते काढले की पाय उकडलेल्या रताळ्यासारखे दिसत.

मराठी त्या माझ्या स्वयंपाकघरात बसून शिकल्या. तिथे मी दिवसभर मुलींशीच बोलणार, "ये गं, बस गं, ताट धू गं." बाईंना वाटलं मराठी माणसाशी असंच बोलायचं असतं. एकदा प्रार्थनेला म्हातारे फादर आले, छातीवर पांढरी दाढी, सगळ्या सिस्टर मान खाली घालून उभ्या. बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "ये गं. दमलीस काय?" फादर पायरीवरच बसून हसले. पुढे ते आले की मुलीच आधी विचारायच्या, "दमलीस काय?"

आणि ते घेण्याचं वेड. इकडे येण्याआधी तिकडे कोणीतरी त्यांना शिकवून पाठवलं होतं, की भारतात कोणी काही दिलं आणि आपण घेतलं नाही तर माणसाचा अपमान होतो. बाईंनी ते देवाची आज्ञा असल्यासारखं धरलं. कर्जत स्टेशनाबाहेर केसगळतीच्या औषधाची कागदं वाटतात ती दोन्ही हातांनी घ्यायच्या, कपाळाला लावायच्या, घडी घालून पिशवीत ठेवायच्या. वाडीवर गेल्या तर घरोघरचा चहा पिऊन येताना पोटात पाण्याचा हंडा हिंदकळल्यासारखा आवाज यायचा. एकदा एसटीत शेजारच्या बाईने सुटे पैसे शोधायला म्हणून आपली कोंबडी जरा धरायला दिली. आमच्या बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी कोंबडी छातीशी धरली, तिचे आभार मानले आणि शाळेच्या थांब्यावर उतरल्या. ती बाई दुसऱ्या दिवशी कोंबडी शोधत आली, तोवर कोंबडीचं नाव ठेवून झालं होतं. भांडायला आलेली बाई सगळं ऐकून जाताना अंडी देऊन गेली. अर्थात बाईंनी तीही घेतली.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, एका मुलीच्या घरी आम्ही जाईपर्यंत.

मुलगी बारावीला होती. बापाची भातशेती आणि एक टेंपो. त्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच, आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. बाईंचा तिच्यावर फार जीव. सणाला बोर्डिंगात मटण आलं की बकऱ्याचं हृदय आधी बाईंच्या ताब्यात जायचं. माझ्याच विळीवर ते उभं चिरून त्या मुलीला आतले कप्पे दाखवायच्या, आणि मग मला म्हणायच्या, "आता शिजव गं." परीक्षा फेब्रुवारीत होती. मार्गशीर्षात मुलगी रविवारी घरी गेली ती आठवडा झाला तरी आली नाही. बाईंनी गमबूट चढवले आणि मला म्हणाल्या, "चल गं."

तिच्या गावात भात झोडून झालं होतं, वावरात वाल उगवले होते. घराजवळ गेलो आणि दाराबाहेरच्या चपला बघूनच मी थबकले. एवढ्या नव्या चपला एका दारात सोयरिकीलाच दिसतात. मुलीला अठरा वर्षं पूर्ण झाली होती, त्यामुळे कायद्याने कोणी अडवणार नव्हतं.

ओटीवर मुलाकडची, मोहोपाड्याची माणसं बसली होती. मुलाची आजी, आई, आणि चुलते. चुलत्यांच्या मांडीवर नारळ. त्यांच्यात रीत अशी, की मुलाकडचा नारळ मुलीच्या मामाने हातात घ्यायचा. मामाने घेतला की मुलगी दिली. आणि मामाचा पत्ता नव्हता.

"कवाधरनं बसलोय आमी," चुलते म्हणत होते. "मामा येनार हाय का नाय?"

"येल, येल. ताप आलाय म्हनं त्याला," मुलीचा बाप घाम पुसत म्हणाला.

"मंग आमी परत कवा यायचं? नारळ काय दर येळी फिरवायचा गावातनं?"

तेवढ्यात दाराच्या चौकटीवर मोठा आवाज झाला आणि पाहुण्या बाई कपाळ चोळत आत आल्या. एवढी उंच गोरी बाई बघून सगळे उठले. चुलतेही उठले आणि त्यांनी नमस्कार केला. हातात नारळ होताच, तो दोन तळव्यांच्या मध्ये राहिला आणि बाईंच्या पुढे आला. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, नव्या टेंगळाला लावला आणि म्हणाल्या, "लय चांगला."

मग मुलाची आजी हळूच म्हणाली, "घेतला गं बाय हिनं."

"पन ती तर साळंची बाई," मुलाची आई म्हणाली.

"असू दे. मामा नाय आला, मामाच्या जागंवर बाई उभी राह्यली. देवाच्या कामात कोनाला पाठवायचं ते देव बघतो."

मुलीच्या बापाने हात जोडले. "देव पावला म्हनायचा," तो म्हणाला आणि आतून साखर मागवली. मी बाईंची बाही धरून ओढली, पण तोवर साखर तोंडात गेली होती.

निघताना मुलगी आमच्या मागे अंगणात आली. रडत नव्हती. "बाई," ती म्हणाली, "मामाला ताप नाय. आईने न् मीच त्याला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. मामा नाय तर नारळ नाय, नारळ नाय तर परीक्षेपर्यंत लगीन नाय. आता माघातली तिथी धरतील." मुलगा रसायनीच्या एका कंपनीत होता. कॉलनीतली खोली त्याला मिळणार होती, पण ती लग्न झालेल्यालाच देत, म्हणून त्यांना घाई. माघात लग्न झालं की लगेच पेपर, आणि हळदीच्या अंगाने नवी सून कोण परीक्षेला पाठवतं. हे मी बाईंना वाटेत समजावलं. दोनदा समजावलं. त्या नारळ पोटाशी धरून चालत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा नेला तर म्हणाल्या, "नको." हा शब्द त्यांना येतो हेच मला माहीत नव्हतं. दुपारी भाकरी नको, बिरडं नको. मुलींनी रानातली फुलं आणली, तीही नको. वर्गात शिकवत, पण हसत नव्हत्या. बोर्डिंगभर असं वातावरण, जसं घरात कोणी आजारी आहे. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तो नारळ तरी टेबलावरून उचला." तर बाईंनी तो उचलला, पिशवीत घातला आणि मला म्हणाल्या, "मोहोपाडा. परत देणार."

मी एसटीत सारा वेळ त्यांना सांगत होते, की नारळ परत जाणं म्हणजे सोयरीक मोडणं. मुलीचं नाव खराब होईल, आणि बाप चिडून तिला उद्याच शाळेतून काढील. बाईंनी नीट ऐकलं. मग म्हणाल्या, "ठेवला तर लग्न. दिला तर बदनामी. मग मी काय करू गं?"

तेवढ्यात मोहोपाड्याचा थांबा आला.

मोहोपाड्याला त्यांची चाळीतली खोली, बाहेर कारखान्यांचा उग्र वास. मुलगा पहिली पाळी करून आलेला, केस ओले. आजी, आई, चुलते सगळे होते. चहा आला. बाई नारळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांनी कपाला हात लावला नाही.

"चा घे," आजी म्हणाली.

"नको."

आजीचा चेहरा उतरला. "आमच्या घरचा चा नको?"

"चा नको न् नारळ संगती आणलाय," मुलाची आई म्हणाली. "आमी काय समजायचं?"

"परत द्यायला आल्यात त्या," चुलते उठून उभे राहिले. "सरळ बोला की. आमच्या पोरात काय खोट काढली तुमी?"

बाईही उठल्या. नारळावरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. मला समोर भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं आणि दुसरं काही दिसत नव्हतं. बाईंनी नारळ पुढे केला, आणि मध्येच हात थांबला. त्या परत खाली बसल्या आणि आजीकडे वळल्या.

"आजी, मला सांग गं. मामा काय काम करते?"

आजी गोंधळली. "मामा? मामा पोरीला मांडवात आनतो. तिच्या मागं हुबा ऱ्हातो. पिवळी साडी घेतो. तिला पुढं काय दुखलं-खुपलं ते बघतो."

"आणि तारीख?"

"तारीख मामाला इचारल्याबिगर नाय धरत."

"नारळ मी घेतला," बाई म्हणाल्या. "मग विचार गं मला."

चुलत्यांना बसावं की उभं राहावं कळेना. शेवटी आजीच म्हणाली, "खरं हाय तिचं. इचार रं हिला."

चुलते जमिनीकडे बघत म्हणाले, "बोला मामा. कधीची तिथी धरायची?"

"आधी परीक्षा. मग लग्न."

"तवर खोली जाईल दुसऱ्याला," मुलाची आई म्हणाली. "ह्या चाळीत किती दिवस काढायचे? माज्या पोरानं किती हेलपाटे घातलेत त्या खोलीसाठी, हिला काय म्हाईत."

ते खरंच होतं. आम्ही सगळ्यांनी मुलाकडे पाहिलं. तो टॉवेलाने मघाच पुसलेले केस पुन्हा पुसत होता. "जाऊ दे खोली," तो म्हणाला. "फुडल्या साली लागंल नंबर."

"तुला काय कळतंय?"

"आई, मी दहावीला तीनदा बसलोय," मुलगा म्हणाला. "आपल्या घरात पयल्या झटक्यात पास होनारं एक तरी मानूस येऊ दे."

आजी तोंडाला पदर लावून हसायला लागली. चुलतेही बसले. मुलाची आई हसली नाही, पण कप उचलून आत गेली आणि गार झालेला चहा गरम करून घेऊन आली. बाईंनी तो घेतला. मग पोहे घेतले, लाडू घेतला, आणखी एक लाडू घेतला, आणि चुलत्यांनी सवयीने तंबाखूची डबी पुढे केली तेव्हा ती मात्र मी मध्येच पकडली. नारळ लग्नापर्यंत देवापाशी ठेवा, असं आजीने बजावलं. म्हणून तो आमच्या चॅपेलमध्ये मारियामातेच्या पायाशी राहिला. मोठ्या सिस्टरांना ते फारसं रुचलं नाही, पण त्यांनी तो तिथून हलवला नाही.

तिथी वैशाखातली धरली. परतीच्या एसटीत माझ्या ध्यानात आलं, की बाईंची इथे राहायची मुदत मार्चअखेर संपते. मी तसं म्हणाले. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "माहीत हाय गं," म्हणाल्या.

परीक्षेला केंद्र कर्जतचं होतं. प्रत्येक पेपरला बाई फाटकाबाहेर उन्हात उभ्या राहायच्या, मुलगी बाहेर आली की काही विचारायच्या नाहीत, नुसती बाटली पुढे करायच्या. शेवटच्या पेपरनंतर आम्ही कर्जतच्या बाजारात पिवळी साडी घ्यायला गेलो. दुकानदाराने पहिली साडी हातात दिली ती बाईंनी घेतली, दुसरी दिली तीही घेतली. तिसऱ्या वेळी मी मध्ये पडले आणि एकच घ्यायला लावली. चार दिवसांनी त्या गेल्या. जाताना मी त्यांना वाटेसाठी तांदळाच्या भाकऱ्या दिल्या. विमानात नेऊ देतात का, हेही मला माहीत नव्हतं.

लग्नात खरा मामा आला आणि मुलीच्या मागे उभा राहिला. साडी बाईंची होती. मुलगी पहिल्या झटक्यात पास झाली आणि कर्जतच्या नर्सिंग कॉलेजात तिला जागा मिळाली. कॉलनीतली खोली अजून मिळालेली नाही, चाळीतच राहतात. सासू अधूनमधून तो विषय काढते, पण सुनेचा डबाही तीच भरते.

सकाळी मी बोर्डिंगच्या पायरीवर तांदूळ निवडत बसते तेव्हा चौककडून एक मोटारसायकल येते. रात्रपाळी करून आलेला नवरा पुढे, झोपेने डोळे लाल, आणि मागे पांढऱ्या कपड्यातली ती. शाळा आली की तो गाडी हळू करतो. ती हात करते, मीही करते, आणि वळणापलीकडे आवाज जाईपर्यंत बघत राहते. मोठ्या सिस्टरांनी मला सांगितलंय, की आपल्याकडे ही वेळ होते तेव्हा पाहुण्या बाईंच्या देशात अजून उजाडलेलंही नसतं.