ताईनं दोनदा वाचून घेतलेला कागद

सुमनताई गेल्याचा निरोप कोराडीला आमच्या ऑफिसच्या फोनवर आला, तेव्हा मनात पहिला विचार आला तो असा, की तिची तब्येत आणखी बिघडल्याचं तिच्याजवळच्या लोकांनी माझ्यापासून लपवलं तर नसेल? दीड महिना झाला, त्या विचाराची लाज अजून जात नाही. लपवायला सुरुवात मीच केली होती...

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली, त्यानंतर ती तिशीत अक्षरं शिकली. पुढं सक्करदरा वस्तीतल्या आपल्या घरात, समोरच्या खोलीत, तिनं बायांचा दुपारचा वर्ग सुरू केला. शिवणकाम सकाळी, वर्ग दुपारी. पोटात दुखायला लागलं तरी वर्ग चुकला नाही. शेवटी मीच तिला दवाखान्यात भरती केलं.

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेलं. "कॅन्सर आहे. ऑपरेशन केलं तर वर्षभर मिळेल. त्यांना सांगू नका, धीर खचेल." मी ताईला अल्सर सांगितला. तिनं लगेच विचारलं,

"अल्सरच आहे, तं डॉक्टर तुले बाहेर काहून नेते गा?"

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या परवानगीचा, सहीचा कागद आला, इंग्रजीत. "वाचून सांग," ती म्हणाली. मी रचून रचून सांगितलं. ती म्हणाली, "आता परत वाच." मी वाचलं.

"पहिल्या खेपेले लांब होतं. आता आखूड कसं झालं?"

तिनं कागद घडी करून उशीखाली ठेवला आणि संध्याकाळी नर्सकडून वाचून घेतला. सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांना तिनं सरळ विचारलं, "ऑपरेशन झाल्यावर मले बसून शिकवता येईन का?"

"बरेच महिने अंथरुणात जातील. पुढचं आज सांगता येत नाही."

"तुम्ही दिवस वाढवून राहिले, साहेब. त्या दिवसात मले काय करायचं हाय, हे कोणी विचारलंच नाही."

डॉक्टर पहिल्यांदाच स्टुलावर बसले. म्हणाले, "आता विचारतो. सांगा." ती वर्गाबद्दल बोलत राहिली. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो, माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

ऑपरेशन न करता ती घरी आली आणि चार महिने जगली. वेदनेच्या गोळ्या डॉक्टर देत होते, आणायचो मी. प्रत्येक बाटली ती वर्गातल्या बाईकडून औषधवाल्याला परत दाखवून घ्यायची. त्यातले तीन महिने तिनं भिंतीला टेकून शिकवलं. ऑपरेशन केलं असतं तर अजून असती का, हा संशय मला सोडत नाही. त्याहून मोठा संशय स्वतःचा आहे. मी खोटं बोललो ते तिचा धीर टिकावा म्हणून, की तिचा चेहरा मला पाहवला नसता म्हणून?

वर्ग आता तिची विद्यार्थिनी कमलाबाई चालवते. त्या कागदाची गोष्ट वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. रविवारी मी जातो. ती सतरंजीवर जागा करून देते, "बसा, भाऊ" म्हणते. मी बसलो की वाचणाऱ्या बाईचा आवाज उतरतो. उठून निघालो की पुन्हा चढतो, आणि रस्त्याच्या वळणापर्यंत स्पष्ट ऐकू येतो.