मार्सुदीची शेवटची साक्ष

मार्सुदी बोटी दुरुस्त करायचा, पण जावाच्या त्या किनाऱ्यावर त्याचं नाव होतं ते डोळ्यांसाठी. उपवासाच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी टेकडीवर जाऊन चंद्रकोर शोधायची आणि दिसली तर न्यायाधीशांपुढे शपथेवर सांगायचं, हे काम तो तीस वर्षं करत आला होता. दिसली तर उद्या ईद, नाहीतर परवा. एवढ्या मोठ्या देशाची ईद अशा चार म्हाताऱ्यांच्या नजरेवर ठरायची, आणि मार्सुदीला त्याचा चांगलाच ताठा होता.

यंदा ताठा उतरला होता. लेक वियात्मी चार वर्षांनी सणाला घरी आली होती. सुराबायाच्या इस्पितळात ती नर्स होती, आणि उद्या दुपारी तिला परतायचंच होतं. उद्या ईद झाली तर सकाळच्या नमाजानंतर ती आईबापापुढे गुडघे टेकून वर्षभराच्या चुकांची माफी मागणार. परवा झाली तर ते राहिलंच.

बायकोने, सुमिराहने, दुपारीच सणाचे केतुपात शिजत टाकले होते. नारळाच्या पात्यांच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला तो भात परवापर्यंत टिकत नाही.

"अगं, चंद्र तरी दिसू दे!"

"तीस वर्षं गावासाठी डोळ्यांत तेल घालून बघितलंत. आज पोरीसाठी बघा. आणि नाहीच दिसला, तर दिसला म्हणा."

"शपथेवर?"

सुमिराह चुलीकडे वळली.

टेकडीवर ढग होते. दुर्बिणीवाल्यांना काही दिसेना. "काका, आता तुमच्यावरच भिस्त," ते म्हणाले. तेवढ्यात ढगांच्या फटीत मार्सुदीला बारीक, वाकडा दोरा दिसला. त्याने नजर डावीकडे नेली; दोराही डावीकडे गेला. उजवीकडे नेली, तिकडेही आला. चंद्र असा माणसाच्या मागे मागे फिरत नाही. दोरा त्याच्या डोळ्यातलाच होता, आणि हे त्याच्याशिवाय कुणालाच कळणार नव्हतं.

"दिसला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही, साहेब. आणि पुढच्या वर्षी मला बोलावू नका. डोळे गेले माझे."

दुसऱ्या दिवशी, तिसाव्या उपवासाच्या दुपारी, सुमिराह तोंड फुगवून केतुपात लेकीच्या डब्यात भरत होती. "बसमध्ये सूर्य मावळला की खा. तुझ्या बाबांना खरेपणाने पोट भरू दे."

वियात्मी निघताना गुडघे टेकू लागली. "बाबा, आजच मागून घेते माफी."

मार्सुदीने तिला धरलं, आणि स्वतःच तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. तिथे कुणी बाप लेकीपुढे असा बसत नाही. "आज माझी पाळी," तो म्हणाला. "तुझी ईद मी घालवली."

"उठा हो बाबा, मला पाप लागेल!" ती रडत खाली बसली. "खरं सांगा, जरासुद्धा नव्हता दिसला?"

"नाही. पण तीस वर्षांत पहिल्यांदाच, तो दिसावा म्हणून जीव तुटला माझा."

सुमिराहने डबा बंद केला आणि नवऱ्याला उठवायला हात पुढे केला.