निधनवार्तेतली मेंढरं

दुष्काळाच्या त्या वर्षांत मी शहरातल्या लष्करी छावणीजवळच्या एका दैनिकात निधनवार्ता लिहून घ्यायचो. एकदा पिशोरकडचा एक धनगर धापा टाकत आत आला. गेलेल्या आईचं नाव पेपरात येणार म्हणून त्याचे डोळे चमकत होते, बोटं टेबलावर नाचत होती.

"पश्चात कोण कोण?" मी विचारलं.

"मेंढरं!"

"अहो, माणसं सांगा."

"मेंढरंच लिव्हा, साहेब! पाऊस नाय, म्हणून आमी दोघं भाऊ बायकापोरांसकट चितेगावला नव्या कंपनीत लागलो. शेवटपर्यंत आईपाशी मेंढरंच व्हती."

मलाही चेव आला. असली निधनवार्ता कुणी छापली नव्हती! मी मोठ्यानं वाचलं, "पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडं आणि मेंढरं."

त्यानं टेबलावर हात आपटला.

"नाय नाय! आधी मेंढरं. जागा उरली तर आमी."