महानंदाच्या मोबाइलमधलं गाव

हे मी मुलांनाही कधी सांगितलं नाही. कितीदा वही उघडली, आणि पावसावर चार ओळी लिहून मिटून टाकली.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी आणि माझी बायको महानंदा रेणापूरहून इथं आलो, किराणा दुकान टाकलं. म्हातारपणी तिचे गुडघे गेले. नातवानं जुना मोबाइल दिला. त्यात एक गेम होता – छोटंसं गाव, एक विहीर, चार माणसं. रोज बोटानं विहिरीत पाणी सोडायचं. नाही सोडलं, तर माणसं गाव सोडून जायची.

रोज सकाळी मी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसे. पूर्वी तीही शेजारी तिचं लिंग घेऊन बसायची. आता तिच्या डाव्या तळहातावर आधी मोबाइल. तीच झुकलेली मान, तीच नजर. मला ते सहन होईना. का? देवासाठी? की ती माझ्याशेजारून उठली म्हणून?

त्या वर्षी दुष्काळ पडला, नळ कोरडे होते. एकदा ती म्हणाली, "आवं, ह्या माणसांला वाटत आसंल, वर लई मोठं कुणीतरी बसलंय. अन् वर कोण? तर गुडघे चोळत बसलेली म्या! महादेवाचं बी असंच आसंल बगा."

"देवाची थट्टा करू नको."

"थट्टा न्हाई वो. कीव येती त्याची."

दुसऱ्या दिवशी टँकर आला. ती घागर घेऊन लंगडत गेली. मी – गुडघे धड असलेला मी – घरात राहिलो. नातू करतो तसं गेमवर बोट दाबून धरलं, कचऱ्याच्या डब्याच्या चित्राकडं ओढलं. गाव गेलं.

ती आली. मोबाइल खालीवर करून बराच वेळ शोधत राहिली.

"म्या टँकरला गेले, अन् त्यांला पाणी सोडायचं राहिलं. गेली वो माणसं."

मी पूजेला बसलो होतो. म्हणालो, "देवाची मर्जी."

माझ्या तळहातावरच्या लिंगापुढं तिनं हात जोडले. माफी मागितली – त्या चार माणसांची. माझा हात हललासुद्धा नाही.

त्यानंतर पावसावरून तिनं देवाला कधी बोल लावला नाही. दुसऱ्या कुणी लावला, तर म्हणायची, "त्याला बी कुठंतरी टँकरला जावं लागलं आसंल."

मागच्या वर्षी ती गेली. आमच्यात बसवून पुरतात. विधी करणाऱ्या जंगमांनी तिचं लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं, आणि बेलाचं पान माझ्या हाती दिलं. मी वाकलो. तिचा कान अगदी जवळ होता. गाव मी पुसलं गं, तू विसरली नव्हतीस – एवढंच म्हणायचं होतं.

"सरा मागं, अण्णा," कुणीतरी म्हणालं.

मी पान ठेवलं आणि मागं सरलो.